कर्ज गुणिले कर्ज

गणिताच्या तासाला मुले प्रश्न विचारत नाहीत, अशी तक्रार गणिताचे शिक्षक नेहमी करतात. मराठीच्या तासालाही मुले प्रश्न विचारत नाहीत. पण तिथे त्याची तक्रार कुणी करत नाही, कारण ते गृहीतच धरलेले असते. आम्ही दोघे या दोन तासांच्या दोन बाजूंना उभे आहोत. आमच्यापैकी एकाचा पेशा गणित शिकवण्याचा, दुसरीचा मराठी साहित्य शिकवण्याचा. घर एक आणि जेवणाचे टेबलही एकच. त्या टेबलाभोवती गेली बारा-तेरा वर्षे संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा मुले अभ्यासाला बसतात. फी नाही, हजेरी नाही. नियम एकच आहे : प्रश्न कितीही बावळट वाटला तरी तो विचारायचा. हे प्रश्न आम्ही एका वहीत, जमेल तसे मुलांच्याच शब्दांत, उतरवून ठेवत आलो.

ही वही चाळताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येत गेली. यांतले बरेचसे प्रश्न वरवर गणिताचे असले तरी मुळात शब्दांचे आहेत. मूल अडते ते पुष्कळदा आकड्यापाशी अडत नाही. एखाद्या शब्दापाशी, खुणेपाशी, वाक्याच्या बांधणीपाशी अडते. पुस्तकाने वापरलेला शब्द त्याने घरात, रस्त्यावर, गोष्टीत ऐकलेला असतो, आणि त्या शब्दाने दोन्हीकडे इमानाने वागावे अशी त्याची अपेक्षा असते. गणिताच्या तासाला असा प्रश्न अवांतर ठरतो. भाषेच्या तासापर्यंत तो येतच नाही. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे त्यांतले काही मांडावेत असे वाटले.

सर्वांत लहान मुलांचे प्रश्न संख्यांच्या नावांचे असतात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, मग लिहिताना दोन आधी का? 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येते, मग पाटीवर तीन का नाही? ही 'एकोण'ची रीत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सरळ चालत येते; मग नव्याण्णवलाच 'एकोणशंभर' का म्हणत नाहीत? 'एकोण' म्हणजे 'एक ऊन', एकाने कमी, असे सांगितल्यावर दुसरीतल्या एका मुलाने विचारले होते, "म्हणजे तीस अजून आलं नाही, तरी त्याचं नाव आधीच घ्यायचं?" व्युत्पत्तीच्या तासाला पदवीच्या वर्गातून इतका नेमका प्रश्न आम्हांला क्वचितच आला आहे.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असे वाचन आले तेव्हा झालेला गदारोळ वाचकांना आठवत असेल. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने आणि जोडाक्षरांमुळे लहान मुले अडखळतात, अशी भूमिका तेव्हा मंगला नारळीकर यांनी मांडली होती. वाद विधिमंडळापर्यंत गेला, विनोद झाले, मराठीच्या अस्मितेचा प्रश्न उभा राहिला. कोणती बाजू बरोबर, हा इथला विषय नाही. आम्हांला खटकले ते एवढेच की त्या साऱ्या चर्चेत मुलाचा मूळ प्रश्न कुणी उच्चारला नाही. पाच आधी का ऐकू येतो? जर्मन मुलालाही तो आधीच ऐकू येतो. ही भाषेच्या इतिहासातली गोष्ट आहे आणि ती सात वर्षांच्या मुलाला गोष्टीसारखी सांगता येते. ती सांगितली की मूल क्रम लवकर पकडते असा आमचा दावा नाही. पण आपण मंद नाही, अडचण खरी आहे, एवढे त्याला नक्की कळते.

सहावी-सातवीत अक्षरे येतात, आणि सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न येतो : "एक्स म्हणजे किती?" त्यामागोमाग दुसरा : "काल तर एक्स पाच होता, आज सात कसा झाला?" आधीच्या पिढ्यांनी 'क्ष मानू' असे म्हणत हीच गणिते सोडवली. अक्षर बदलले, अडचण तीच राहिली. या प्रश्नाला गणिताच्या बाजूने उत्तर देत बसण्यापेक्षा व्याकरणाच्या बाजूने दिलेले लवकर पोहोचते असा आमचा अनुभव आहे. 'तो म्हणजे कोण?' असे कुणी विचारले तर आपण 'कुठल्या गोष्टीतला?' असे विचारतो. कालच्या गोष्टीतला 'तो' लाकूडतोड्या होता, आजच्या गोष्टीतला राजपुत्र आहे. म्हणून 'तो' या शब्दाने दगाबाजी केली असे कुणी म्हणत नाही. एक्स हे सर्वनाम आहे. सर्वनाम म्हणजे सर्वांचे नाव, हेही मुलांना तेव्हाच पहिल्यांदा ऐकू येते.

जुन्या ग्रंथांत यासाठी असलेले शब्द साहित्याच्या माणसाला मोह पाडणारे आहेत. अंकगणिताला 'व्यक्त' गणित म्हणत आणि बीजगणिताला 'अव्यक्त' गणित. अज्ञात राशीचे नाव 'यावत्तावत्', म्हणजे जितके असेल तितके. लिहिताना नुसते 'या'. एकाहून अधिक अज्ञात राशी आल्या की रंगांची नावे घेत : कालक, नीलक, पीतक, लिहिताना 'का', 'नी', 'पी'. संस्कृतात 'वर्ण' म्हणजे रंगही आणि अक्षरही, हा योग इथे आपोआप जुळून येतो. युरोपात वर्णमालेच्या शेवटची अक्षरे अज्ञातांसाठी वापरण्याची रीत देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथापासून रुळली. मुलांना हा इतिहास सांगितल्यावर आमच्या टेबलावर काही दिवस 'निळे' आणि 'पिवळे' यांची समीकरणे सुटत होती. एकीने विचारले, "मग आता परत एक्सच का लिहायचा?" परीक्षेसाठी, असे उत्तर द्यावे लागले. ते खरे होते. समाधानकारक होते असे म्हणवत नाही.

आता ज्या प्रश्नावरून या लेखाला नाव दिले तो. ऋण संख्या शिकवताना कर्जाचे उदाहरण देतात, आणि ते उचितच आहे, कारण 'धन' आणि 'ऋण' हे शब्दच मुळी संपत्ती आणि कर्ज यांचे आहेत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम याच शब्दांत सांगितले. बेरजेपर्यंत हे रूपक सुरेख चालते : कर्जात कर्ज मिळवले की कर्ज वाढते. मग गुणाकार येतो आणि फळ्यावर वाक्य लिहिले जाते : ऋण गुणिले ऋण बरोबर धन. सातवीतली एक मुलगी, जिचे वडील रिक्षा चालवतात, वही मिटून म्हणाली, "आमच्या घरी दोन कर्जं आहेत. एक रिक्षाचं, एक आत्याच्या लग्नाचं. ती दोन गुणायची म्हणजे काय करायचं?" हाच प्रश्न तिने शाळेत विचारला तेव्हा वर्ग हसला होता, आणि उत्तर मिळाले होते : नियम आहे, पाठ कर.

तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल याने विचारलेला आहे. त्याने १८३५-३६ मध्ये लिहिलेले आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १८९० मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यात ग्रनोबल शहरातल्या विद्यार्थिदशेची हकिगत आहे. एखाद्याच्या दहा हजार फ्रँकच्या कर्जाला पाचशे फ्रँकच्या कर्जाने गुणले तर त्याला पन्नास लाखांची संपत्ती कशी मिळेल, असे त्याला विचारायचे होते. शिक्षकाने तोच धडा पुन्हा म्हणून दाखवला, आणि शेवटी सूर असा लावला की ही रूढी आहे, थोर गणित्यांनी ती मानली आहे, मग तुझीच हरकत काय? गणितात ढोंग नाही म्हणून त्या मुलाचे गणितावर प्रेम होते. त्या प्रेमाला पडलेला हा तडा पन्नाशी ओलांडल्यावरही त्याला विसरता आलेला नाही.

मुलीचे म्हणणे बरोबर होते. कर्जाला कर्जाने गुणता येत नाही. रुपयाला रुपयानेही गुणता येत नाही. गुणाकारात एक संख्या रकमेची असते आणि दुसरी 'कितीदा' याची. दोनशे रुपयांचे कर्ज तीनदा घेतले तर सहाशेचे कर्ज झाले. दोनशे रुपयांचे कर्ज तीनदा माफ झाले, म्हणजे तीनदा वजा झाले, तर आपण सहाशेने वर आलो. गंमत अशी की मराठीत या एकाच खुणेसाठी 'वजा' आणि 'ऋण' असे दोन शब्द आहेत. एक क्रिया सांगतो, दुसरा अवस्था. भाषेने नीट वेगळे ठेवलेले दोन अर्थ खूण एकत्र करते, आणि 'ऋण-ऋण धन' ही घोषणा तर त्यातले क्रियापदही खाऊन टाकते. म्हणूनच "ऋण दोन आणि ऋण तीन मिळवले तर धन पाच ना?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतेच. घोषणेत गुणायचे की मिळवायचे हे उरलेलेच नसते.

यापुढे एक पायरी आहे, आणि ती मुले स्वतःहून चढतात. ऋण तीनला 'दोन आणि ऋण दोन' यांच्या बेरजेने गुणा. बेरीज शून्य, म्हणून गुणाकारही शून्य. तोच गुणाकार सुटा सुटा केला तर पहिला भाग ऋण सहा येतो. दुसऱ्या भागाने त्याला शून्यावर आणून ठेवायचे असेल तर तो धन सहाच असावा लागतो. हे पाहिल्यावर त्या मुलीने विचारले, "म्हणजे हे सापडलं नाही, ठरवलं?" ठरवले, पण मनाला येईल तसे नाही, आधीचे नियम मोडायचे नसतील तर दुसरे काही ठरवताच येत नव्हते. ठरवणे आणि सापडणे यांच्या मधली ही जागा व्याकरणाच्या अभ्यासकाला चांगली ओळखीची आहे.

'दोन नकार म्हणजे होकार' असे सांगूनही हा नियम शिकवतात. तेव्हा दुसऱ्या एका मुलाने हरकत घेतली : "आई जेव्हा 'मी नाही म्हणत नाही' असं म्हणते, तेव्हा ती 'हो' म्हणत नसते." मराठीतला दुहेरी नकार मूळ होकारापर्यंत पोहोचत नाही, थोडा अलीकडेच थांबतो. 'तो येणार नाही असे नाही' आणि 'तो येणार आहे' या दोन वाक्यांमधल्या अंतरावर आमच्या कितीतरी कथा उभ्या आहेत. गणितात ते अंतर शून्य असते. हा फरक त्या मुलाने ऐकला होता, त्याला शिकवावा लागला नाही.

शून्याविषयीचे प्रश्न याहून जुने आहेत. "पाचला शून्याने भागलं तर अनंत येतं ना?" हे मुलांनी कुठेतरी ऐकलेले असते. "पाच लाडू कुणालाच वाटले नाहीत तर पाचच उरतात, मग उत्तर पाच का नाही?" हे त्यांचे स्वतःचे असते. सर्वांत देखणा प्रश्न एका सहावीतल्या मुलाचा : "कुठलीही संख्या स्वतःनेच भागली तर एक येतो. शून्याला कशानेही भागलं तर शून्य येतं. मग शून्याला शून्याने भागलं तर कुणाचा नियम जिंकणार?" ब्रह्मगुप्ताने या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शून्य असे दिले होते. आजचे गणित ते मानत नाही. पाचशे वर्षांनी भास्कराचार्याने शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' म्हटले आणि तिची तुलना अनंत, अच्युत अशा परमेश्वराशी केली : प्रलयकाळी सारे जीव त्याच्यात शिरले किंवा सृष्टिकाळी बाहेर पडले तरी त्याच्यात फरक पडत नाही, तसेच या राशीत काही मिळवले वा वजा केले तरी तिच्यात फरक पडत नाही. गणिताच्या ग्रंथात, नेमकी भाषा अडली त्या जागी, उपमा आली आहे.

आज आपण म्हणतो की शून्याने भागणे अर्थहीन आहे; पण 'अर्थहीन' म्हणजे काय, हे सांगावे लागते. पाच भागिले शून्य म्हणजे शून्याने गुणल्यावर पाच देणारी संख्या. अशी संख्या नाही. इथे आपल्या शास्त्रकारांची जुनी उदाहरणे उपयोगी पडतात : सशाचे शिंग, आकाशाचे फूल. व्याकरणाच्या दृष्टीने हे शब्दप्रयोग निर्दोष आहेत. फक्त त्यांनी निर्देश करावा अशी वस्तू जगात नाही. आकाशाच्या फुलाला 'खपुष्प' म्हणतात, आणि 'खहर'मधला 'ख' तोच, आकाशाचा आणि शून्याचा. शून्य भागिले शून्य याची अडचण उलट आहे. तिथे कुठलीही संख्या चालते. गर्दीत कुणीतरी 'अहो' म्हणून हाक मारावी आणि सगळ्यांनीच वळून पाहावे, तसे ते आहे. एका अपयशात अर्थ नाही, दुसऱ्यात अर्थ फार आहेत. काव्याच्या दुर्बोधतेविषयी बोलताना आम्ही हे दोन प्रकार नेहमी एकत्र करतो. सहावीतल्या मुलाने ते वेगळे करून दाखवले.

नववी-दहावीत प्रश्नांचा सूर बदलतो, पण भाषेशी नाते तुटत नाही. "साइन थीटा म्हणजे साइन गुणिले थीटा का?" "वर आणि खाली दोन्हीकडे साइन आहे, तर खोडून टाकू का?" 'रामाने' आणि 'सीतेने' यांतला 'ने' समान आहे म्हणून खोडला तर राम आणि सीता उरतात, त्यांनी काय केले ते उरत नाही, असे सांगितले की खोडायला निघालेला हात थांबतो. "पण साइन म्हणजे काय?" या प्रश्नाचे उत्तर तर भाषांतराच्या अभ्यासक्रमात असायला हवे. धनुष्याची दोरी म्हणजे 'ज्या'. 'जीवा' हे तिचेच दुसरे नाव. तो शब्द अरबीत 'जीबा' म्हणून गेला. स्वर न लिहिण्याच्या रीतीमुळे तो 'जैब' असा वाचला गेला. 'जैब' म्हणजे वस्त्राचा गळा, खोळ. हिंदीतली 'जेब' तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या अर्थाचा 'सायनस' हा शब्द घेतला, आणि धनुष्याची दोरी खिसा होऊन आमच्या पुस्तकात परत आली.

"शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ, असं कधीच न संपणारं, ते एक कसं? ते एकच्या जवळ जातं, एक होत नाही." एक तृतीयांशाच्या दशांश रूपाला तीनने गुणून दाखवले तर मुले मान डोलावतात आणि पटले नाही असे डोळ्यांनी सांगतात. अडचण 'जाते' या क्रियापदात आहे. संख्या कुठेही जात नसते. जातो तो तिचे अंक लिहिणारा आपला हात. मुले त्या खुणेला क्रिया म्हणून वाचतात, गणित तिला नाम म्हणून वाचते. शिवाय शेवटची तीन टिंबे. आम्ही साहित्यवाले ती न सांगितलेल्यासाठी वापरतो. गणितात तीच टिंबे सांगतात की सगळे सांगून झाले आहे, एकही नऊ बाकी ठेवलेला नाही.

आणि मग तो प्रश्न, जो दोन्ही तासांना सारखाच विचारला जातो : "याचा उपयोग काय?" युक्लिडविषयी स्टोबिअसने सांगितलेली एक आख्यायिका आहे. भूमिती शिकून मला काय मिळेल, असे विचारणाऱ्या शिष्याला युक्लिडने नोकराकरवी पैसे देवविले, कारण त्याला शिकण्यातून लाभ हवा होता. आख्यायिका खमंग आहे, पण उत्तर उर्मट आहे. उलट बाजूने, हार्डी या इंग्रज गणित्याने १९४० मध्ये आपल्या गणिताच्या निरुपयोगीपणाचे कौतुक केले, आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेली आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत त्याच्या प्रिय संख्याशास्त्रावरच उभी राहिली. हे उदाहरण मुलांना सांगून काही होत नाही, असा आमचा अनुभव आहे. वहीत हा प्रश्न ज्या ज्या दिवशी आला आहे त्या दिवसाची आधीची ओळ पाहिली तर तिथे बहुधा दुसरा एखादा प्रश्न अर्धवट सुटलेला दिसतो. समजत असलेल्या गोष्टीचा उपयोग मुले फारशी विचारत नाहीत; लगोरीचा उपयोग कुणी विचारत नाही. 'याचा उपयोग काय' याचा अर्थ पुष्कळदा 'मला हे कळले नाही, आणि तरी मी ते का सोसावे' असा असतो. कविता शिकवताना आलेला हा प्रश्नही आम्ही आता तसाच वाचतो.

वही तारखांनुसार वाचली तर एक उतार दिसतो, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तो आहे. पाचवीपर्यंत 'का' आहे. सातवीत 'असंच का' आहे. आठवीत 'इथे गुणायचं का भागायचं' आहे. दहावीत 'पायरी लिहिली नाही तर किती मार्क जातात' आहे. प्रश्न कमी झालेले नाहीत. त्यांतून शब्द निघून गेले आहेत.

या उताराच्या तळाशी काय असते ते स्तांदालच्याच ग्रनोबलमध्ये १९८० च्या सुमारास दिसले. तिथल्या गणित-शिक्षणाच्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक गणित घातले : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांची जुळवाजुळव करून उत्तर काढले. असेच कोडे फ्लोबेरने १८४० च्या दशकाच्या आरंभी आपल्या धाकट्या बहिणीला पत्रातून गमतीने घातले होते. कादंबरीकाराला जो विनोद वाटला होता तो शाळेत घडला. ती मुले मठ्ठ नव्हती. शाळेत विचारलेल्या गणिताला उत्तर असतेच, आणि दिलेले आकडे वापरायचेच असतात, एवढे त्यांनी अचूक शिकले होते. मेंढ्यांचा आणि वयाचा संबंध काय, हे विचारणे त्यांना कुणी मना केले नव्हते. ते विचारायचे असते हेच त्यांच्या ध्यानात उरले नव्हते.

रिक्षावाल्यांची ती मुलगी दहावीपर्यंत आमच्याकडे येत होती. तिची उत्तरे बरोबर येऊ लागली होती, अक्षर सुबक झाले होते. नववीनंतर वहीत तिच्या नावापुढे एकही 'का' नाही. परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "काकू, गणित सुटलं एकदाचं." मराठीत हे वाक्य दोन अर्थांचे आहे. तिला कोणता अर्थ अभिप्रेत होता हे आम्ही विचारले नाही. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट होते. पुढे तिने कला शाखा घेतली.

म्हणजे ती आमच्या दुसऱ्या वर्गात आली. हे साहित्याच्या शिक्षकांनी लक्षात घ्यावे असे वाटते. गणित 'सुटलेली' मुले-मुली आपल्याकडे येतात ती कोरा कान घेऊन येत नाहीत. शब्दाला अर्थ विचारणे हा उद्धटपणा आहे, हे धडे त्यांनी आधीच गिरवलेले असतात. आपण कवितेतल्या प्रतिमेविषयी बोलत असतो आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "हे किती मार्कांना?" त्यांच्या वाचनाच्या अभावावर आपण चिडतो. वास्तविक ज्या जागी त्यांचे वाचन सुरू झाले होते, कर्जाला कर्जाने कसे गुणायचे असे विचारण्याच्या जागी, तिथेच ते थांबवले गेलेले असते.

चाळीसगावजवळ पाटण इथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे. मराठीचे विद्यार्थी तो आद्य मराठी लेखनाचा एक नमुना म्हणून अभ्यासतात. तो भास्कराचार्याच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून काढलेल्या मठाचा लेख आहे, आणि त्या मठाला दिलेल्या उत्पन्नाचा तपशील त्यात मराठीत आहे. निदान त्या दगडावर तरी गणिताचा तास आणि मराठीचा तास वेगळे नाहीत. त्या मठात शिकवली गेली असेल ती 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. लग्नाचा मुहूर्त हुकलेल्या मुलीची कथा तिला जोडली जाते. ती कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून आपल्यापर्यंत आली. ग्रंथात तळ्यातले कमळ आहे, मोडलेला वेळू आहे, मोर आणि साप आहेत. कुठे 'बाले', कुठे 'सखे' अशी हाक मारून प्रत्येक वेळी विचारले आहे : सांग, किती? बाले काय म्हणाली, तिने उलट काही विचारले का, हे ग्रंथात कुठेही नाही. विचारले असेल तर ते कुणी लिहून ठेवले नाही. आपल्या मराठीच्या तासाला, आठवड्यातून एखादे वेळी, ते लिहून घेता येईल. सुरुवात 'ऋण' या शब्दापासून करता येते.